नायगावचा गुलाबी फेटा आणि आमचा पायलट

माझा धाकटा भाऊ सुमेध हेलिकॉप्टरचा पायलट आहे, हे आईला मान्य होतं. तो काही काम करतो, हे मान्य नव्हतं. रेणापूरहून ती कधीही फोन करो, पलीकडून उत्तर एकच, "बसलोय." सकाळी बसलोय, दुपारी बसलोय. मग ती लातूरला मला फोन करायची, "बसायचा पगार कोण देतंय गं? पोरगं कायतरी लपवून राह्यलंय."

शेजारच्या कमलमावशीने त्यात तेल ओतलं. आमच्याकडे पायलट म्हणजे साहेबाच्या ताफ्यापुढे सायरन वाजवत पळणारी गाडी. तेव्हा सुमेध त्या गाडीवर ड्रायव्हर असणार आणि आता तेही काम सुटलं असणार, असा मावशीने निकाल दिला. आई हसली नाही. उलट तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. दुसऱ्यांच्या खळ्यांवर उभी राहून, वाऱ्यावर भुसा उडवत धान्य उपणून तिने आम्हाला शिकवलं होतं, आणि आता पोरगा खोटं बोलतोय की काय, या विचाराने ती खंगायला लागली. त्याच सुमारास नायगावजवळच्या एका लग्नात नवरदेवाला घेऊन उतरायचं काम सुमेधकडे आलं. आईला ते काम दाखवायचं म्हणून मी माझ्या शाळेत दोन दिवसांची रजा टाकली.

आईला घेऊन लातूर स्टँडवरून नांदेडची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आई कंडक्टरशी मालकिणीच्या थाटात बोलत होती. सकाळी निघणार असाल तर डावीकडची खिडकी पकडा, उजवीकडच्यांना ऊन भाजून काढतं. चाकूर, अहमदपूर, लोहा करत साडेतीन तास लागतात. लोह्याला गरम भजी मिळाली. आईने ती नाकारून पिशवीतली धपाटी काढली आणि मग माझ्या कागदातली निम्मी भजी संपवली.

नांदेडला स्टेशनजवळ एक स्वच्छ लॉज मिळाला. दुपारी गुरुद्वाऱ्यात लंगर जेवलो. तिथली डाळ चुकवू नका. संध्याकाळी हेलिकॉप्टर विमानतळावर लावून सुमेध भेटायला आला. त्याच्या पुढ्यात धपाटी ठेवून आईने चौकशी समिती बसवली.

"उद्या काय काम हाय?"

"नवरदेवाला न्यायचं, उतरवायचं."

"मंग?"

"मंग बसायचं."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी धपाट्याकडे पाहिलं.

वरून आपला मुलूख कसा दिसतो, असं मी विचारलं. मला गोदावरीचं वळण, हिरवे-पिवळे तुकडे वगैरे ऐकायचं होतं. तो म्हणाला, "आक्का, लोकांला नदी दिसती. मला विजेच्या तारा दिसतात. त्या चुकवायच्या, उडणाऱ्या ताडपत्र्या चुकवायच्या, आन् वारं बघायचं. तोंड वाऱ्याकडं करूनच उतरावं लागतं. खाली धूर न्हाईतर झेंडा असला की वारं कळतं." उतरल्यावर माणसं काय विचारतात, तेही त्याने सांगितलं. पहिला प्रश्न कायम एकच, "ॲव्हरेज किती देतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी देगलूर रोडची बस धरून नायगाव गाठलं आणि तिथून जीपने लग्नाच्या गावी. हरभरा काढलेल्या रानात धूळ दाबायला टँकरने पाणी मारलं होतं. मधोमध पांढऱ्या फक्कीने काढलेला मोठा एच, आणि सुमेधने फोनवर नको म्हणून सांगितलं असूनही त्या एचभोवती चार रंगांची रांगोळी. दोरीमागे अख्खं गाव उभं होतं. कारभार नवरदेवाच्या काकांकडे होता, आणि त्यांच्या डोक्यावर दुरून ओळखू येईल असा गुलाबी फेटा.

"ओलं गवत जाळून थोडा धूर करा," असं सुमेधने काकांना सांगितलेलं. काकांना थोडं काही करायची सवय नसावी. त्यांनी दूरच्या बांधाजवळ तुरीच्या वाळलेल्या काड्यांची, तुराट्यांची, अर्धी गंज पेटवून दिली. जाळ झाला पुरुषभर, धूर मात्र चहाच्या कपाएवढाही नाही. वाळलेली तुराटी धूर करत नाही, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं, पण विचारलं कुणी?

लांबून घरघर ऐकू आली. आईने पायाजवळचा मूठभर भुसा उचलला आणि बोटांतून सोडला. तो भलतीकडेच गेला.

"वारं फिरलं," ती म्हणाली, आणि दोरीखालून थेट काकांपुढे जाऊन उभी राहिली. "भाऊ, फेटा सोडा."

"काय?"

"फेटा. तिकडं लांब बांबूला बांधा. त्याला वारं दिसलं पायजे."

ज्यांच्या खळ्यांवर ती जन्मभर मान खाली घालून राबली, तसल्याच घरचा हा माणूस. पण तिचा आवाज तसूभरही खाली आला नव्हता. काकांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा गावाकडे, आणि फेटा सोडला. दोघं जण तो आणि एक लांब बांबू घेऊन दुसऱ्या बांधाकडे पळाले. आठ-नऊ हात गुलाबी कापड बांबूवर फडफडायला लागलं.

हेलिकॉप्टर आलं, सरळ उतरेलसं वाटलं आणि वरूनच पुढे गेलं. "गेलं की," कुणीतरी म्हणालं.

"जात न्हाई," आई म्हणाली. "आता वळून तिकडून येतंय बघ. तोंड वाऱ्याकडं करून."

ते वळून तिकडूनच आलं. रानाच्या मधोमध अलगद टेकलं, आणि चार रंगांची रांगोळी उडून काकांच्या उघड्या टकलावर जाऊन बसली.

नवरदेव उतरला, वरात बँडमागे गेली. सुमेध मागे राहिला. पुढचे तीन तास तो शेपटीकडच्या पंख्याजवळ उन्हात उभा राहून माणसांना मागे सारत होता, यंत्राभोवती फिरून बघत होता, फोनवर हवामान विचारत होता. ॲव्हरेज अकरा जणांनी विचारलं. आई बाभळीच्या सावलीतून सगळं बघत होती. शेवटी तो पाणी प्यायला आला.

"आई, फेट्याची अक्कल कुणाची? लई कामाला आला."

आई बोलायच्या आत काका पुढे झाले. "आपलीच हो." आईने त्यांना ते श्रेय घेऊ दिलं.

मग तिने पदराने सुमेधचं कपाळ पुसलं. "ह्याला बसलोय काहून म्हणतोस रे? मला वाटलं, काम न्हाई तुला."

परत रेणापूरला पोचलो, तर कमलमावशी ओट्यावर हजर होती. "मंग? कोणत्या साहेबाच्या म्होरं पळवतो गाडी?"

"उपणायचं काम हाय त्याचं," आई चपला काढत म्हणाली. "वारं बघायचं आन् उभं राहायचं. मव्हंच काम, खळ्यावरचं. फक्त त्याला वर जावं लागतं."

मावशीला काहीच कळलं नाही आणि आईने समजावलंही नाही. आठवड्याने मी रेणापुरात असताना तिने सुमेधला फोन लावला. पलीकडून तेच उत्तर आलं, "बसलोय."

"बस," आई म्हणाली. फोन कानाला तसाच धरून ती अंगणात गेली, चिमूटभर माती उचलून हवेत सोडली आणि त्याला म्हणाली, "इथं वारं पूर्वेचं हाय. तिकडं कुणी फेटा सोडला न्हाई, तर मला विचार."