काकूंनी सोडलेली मोटार

काकूंना मोटारीत गप्प बसता येत नसे. घरात दिवसभरात चार वाक्यं बोलणारी ही बाई काकांच्या शेजारी बसली की सुरू होई. "इथले सिग्नल एकदा लाल झाले की हलतच नाहीत." "त्या आजींचा कोट बघा, किती सावकाश रस्ता ओलांडताहेत." काका ब्रेक दाबत. दर शनिवारी आम्ही मराठी मंडळात जात असू. मागच्या सीटवर मला आधी हसू येई. तिसऱ्या शनिवारी कळलं, की काकांना नीट दिसत नाही आणि काकू तसं न म्हणता त्यांना रस्ता सांगताहेत. मग मी दाराची मूठ घट्ट धरून बसू लागले.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नॉटिंगहॅमला मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. अमेरिकेत सायकल नवी होती तेव्हा तिने बायकांचं जगणं कसं बदललं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. पोळ्या लाटताना काकू त्याबद्दल विचारत. सोबतीशिवाय बाहेर पडणाऱ्या मुली, संतापलेले पाद्री, सायकलीने चेहरा बिघडतो असं बजावणारे डॉक्टर, स्कर्ट दुभागून शिवलेले नवे कपडे. त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे आपलं नऊवारीच की. माझ्या सासूबाई त्यातच विहिरीत पोहायला उडी मारायच्या."

एकदा काकूंना ऐन चौकात ठसका लागला. झेब्रा क्रॉसिंगवरची बाबागाडी आमच्यापासून हातभर अंतरावर राहिली. "हल्ली लोक कसेही आडवे येतात," काका म्हणाले.

घरी मी काकूंना म्हटलं, "तुम्ही त्यांना सांगा, नाहीतर मी त्यांच्या डॉक्टरांना सांगते."

"सांगितलं तर लायसन्स जाईल. त्याचं काही नाही गं. पण मला कळलंय हे त्यांना कळेल." मग त्या म्हणाल्या, "तू मला सायकल शिकव. मी शेजारी नसले तर ते गाडी काढायचे नाहीत. पंधरा दिवस दे मला."

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या पार्कात पडत, उठत शिकल्या. कोपराचं खरचटणं ओव्हनच्या दारावर ढकललं. एक शनिवार उपासावर काढला, दुसरा कंबरदुखीवर. तिसऱ्या शनिवारी नऊवारी नेसून, कासोटा घट्ट खोचून खाली आल्या. काका किल्ली घेऊन उभेच होते.

"हे काय सोंग?"

"मंडळात जाते, सायकलवरून. हिच्या अभ्यासासाठी हवंय."

"लोक हसतील."

"हसू देत. तुम्ही या हवं तर मागून गाडीने."

आम्ही दोघी निघालो. कोपऱ्याशी पोचलो तोच मागे इंजिन सुरू झालं. काकूंनी सायकल थांबवली. मागे वळून पाहिलं नाही, नुसतं हँडल आवळून धरलं. बोटं पांढरी पडली होती.

"निघाले का?"

"नाही. नुसतेच बसलेत."

इंजिन चालूच राहिलं. एक बस गेली, मग दुसरी. मग आवाज थांबला.

"चल," काकू म्हणाल्या.

"आता गाडीची गरजच काय," असं म्हणत काकांनी ती महिन्याभरात विकली. पुढे चार वर्षं काकू सायकलवरून ग्रंथालयात, भाजीला, मैत्रिणींकडे एकट्या जात राहिल्या. मग आजारपण आलं आणि तीन महिन्यांत त्या गेल्या.

त्यांना निरोप देऊन आम्ही अंत्यविधीच्या हॉलमधून बाहेर पडलो, तेव्हा काकांनी माझा दंड धरला होता. ते हळूच म्हणाले, "एक बरं झालं. माझ्या डोळ्यांचं तिला शेवटपर्यंत कळू दिलं नाही मी."

मी म्हटलं, "हो काका."