हमीदचाचांचा गुरुवार

हमीदचाचा गेल्याचं मला त्यांच्याच फोनवरून कळलं. त्यांचं नाव दिसलं म्हणून मी फोन उचलताच सुरू झाले, "चाचा, आजचा गुरुवार तेवढा राहू द्या ना..." पलीकडं त्यांची सून होती. "ताई, अब्बा पहाटं गेले," एवढंच म्हणाली. दोन महिने होत आले, तरी आपण त्या वेळी काय बोललो हे आठवलं की मान खाली जाते.

इंदापूर रस्त्यावरच्या आमच्या दूध संस्थेत चाचा मी लागायच्या आधीपासून सर्व्हर सांभाळायचे. सर्व्हर दोन. एक बंद पडला की दुसऱ्यानं आपणहून काम उचलायचं. तो खरंच उचलतो का, हे बघायला चाचा दर गुरुवारी सकाळचं संकलन उरकलं की चालू मशीन मुद्दाम बंद करायचे. चांगलं चाललंय ते कशाला बंद करता, असं मी दर वेळी म्हणायची आणि ते मिशीत हसायचे. "भ्या वाटतंय न्हवं, पोरी? मग आजच वाटू दे. आज आमी हितं हाय." दुसऱ्या मशीनचा दिवा हिरवा होईपर्यंत त्याच्या कपाटावर तळहात टेकून उभे राहायचे, लेकराचा ताप बघावा तसे.

ते गेल्यावर नियमाप्रमाणं त्यांचं कॉम्प्युटरवरचं खातं मीच बंद केलं. गुरुवारची उठाठेव मात्र टाळत गेले. हा गुरुवार नको, पुढचा बघू... खरं सांगते, घाबरले होते. दुसरं मशीन उठलंच नाही तर विचारणार कुणाला?

मग एका सकाळी, ऐन संकलनाच्या वेळी, पहिला सर्व्हर बसला. दुसऱ्यानं काम घेतलंच नाही. पडद्यावर एकच ओळ, परवानगी नाकारली. वजन आणि फॅट कॉम्प्युटरवर चढल्याशिवाय टँकर भरायचा नाही, हा आमचा नियम. कोऱ्हाळ्याच्या केंद्रावरून तिथं दूध घेणाऱ्या आबांचा फोन आला, "म्याडम, कॅन उन्हात हायत. दूध नासलं तर लोकांना काय सांगू?" पाठोपाठ काटेवाडीचा. मी पासवर्ड तपासले, केबली हलवून बघितल्या, मशीन दोनदा बंद-चालू केलं. तीच ओळ. न राहवून फोन उचलला आणि चाचांचं नाव काढल्यावर भानावर आले.

तेव्हा कुठं डोक्यात आलं, हे मशीन काम सुरू करताना नाव कुणाचं सांगतंय? बघितलं तर चाचांचं. मशीनं बसवली त्या दिवशी अशीच अडचण आली असणार, आणि वेळ मारून न्यायला चाचांनी सगळं स्वतःच्या खात्यावर टाकलं असणार. संस्थेच्या नावानं वेगळं खातं करायचं राहूनच गेलं. पहिलं मशीन त्यांच्या हयातीत आत शिरलेलं, म्हणून ते चालत राहिलं. दुसऱ्याला दारातच अडवलं, आणि ते दार मीच लावलं होतं. रागच आला मला चाचांचा. त्याहून जास्त स्वतःचा. एक गुरुवार जरी पाळला असता तरी हे निवांतपणी कळलं असतं.

त्यांचं खातं मी पुन्हा चालू केलं. दिवा हिरवा झाला. आबांना कळवलं तर म्हणाले, "दोन कॅन गेलं बगा. बाकीचं वाचलं."

दुपारी संस्थेचं वेगळं खातं केलं, दोन्ही मशीनांवर त्याला अधिकार दिले, आणि चाचांचं खातं दुसऱ्यांदा बंद केलं. पहिल्यांदा नियम म्हणून केलं होतं. या खेपेला रडले.

आता गुरुवारी चालू मशीन मीच बंद करते. भीती काही जात नाही. दिवा लागेपर्यंत कपाटाला हात टेकून उभी राहते. तिथला रंग एका जागी घासून गेलाय. माझा तळहात त्यात मावतो, आणि चहूबाजूंनी जागा उरते...