साडूंची हरकत

हरकत घेण्याच्या कामात आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात सापडायचा नाही, आणि सापडलाच तर साडू त्याच्यावरही हरकत घेतील. खोपोलीच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात त्यांची सगळी नोकरी झाली. उशिरा येणाऱ्यांचे खुलासे वाचून वाचून अर्जाची भाषा त्यांच्या अंगात भिनली. तोंडी तक्रारीला ते तक्रार मानत नाहीत. कागद हवा, त्याच्या दोन प्रती हव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर पोच हवी. स्वतःच्या लग्नात मुहूर्त टळतोय म्हणून त्यांनी मुंडावळ्या बाजूला सारून भटजींना लेखी हरकत दिली, आणि भटजींनी पोच देईपर्यंत अंतरपाटाजवळ उभे राहिले नाहीत. मुहूर्त टळला तो त्यामुळेच, असं भटजी पुढे बरीच वर्षं सांगत. एका अधिक महिन्यात सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांपुढे अनारशांची ताटं ठेवली, तर साडू माझ्या ताटात डोकावून म्हणाले, "मास्तरांच्या अनारशांना जाळी बरी पडलीय. माजी हरकत नाय, फकस्त नोंद असावी."

आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माझी थोरली, त्यांची धाकटी, आणि घरं शेजारी शेजारी. लोकांना वाटतं, किती छान. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, निबंधाला बक्षिसं मिळवणारी पोरं तयार केली, माझं अक्षर पाहून तपासणीला आलेले साहेब थबकत. पण आळीतल्या कुणाला अर्ज लिहायचा असला की तो माझ्या दारावरून, मला रामराम करून, पुढे साडूंकडे जातो. मी ओट्यावर वर्तमानपत्र धरून बसलेलो असतो आणि कोण गेलं, किती वेळ बसलं, चहा झाला की सरबत, हे मला मथळे न वाचताही कळतं. हेवा म्हणतात तो हाच, आणि मी तो नाकारत नाही.

आमच्या घरांच्या पूर्वेला भाताची खाचरं होती. ती विकली गेली आणि तिथे संकुल येणार असं ठरलं. खाली दुकानांचे गाळे, वर सात मजले फ्लॅट. रहिवाशांच्या हरकती व सूचना मागवल्याची नोटीस लागली, तिच्या शेजारी नकाशाही लागला. नकाशात संकुलाचं मोठं फाटक बरोबर साडूंच्या दारासमोर होतं, पुढे मोकळी जागा, झाडं, दिवे. माझ्या दारासमोर इमारतीची उंच, नुसती भिंत. मी तो नकाशा चष्मा पुसून तीनदा पाहिला. फाटक काही हललं नाही.

त्या पंधरवड्यात साडूंच्या घरी जत्रा भरली. शिळफाट्याचे बेकरीवाले चाचा आले. "दुकानं होऊं द्या, भाऊ, आमचं काय नाय. पण त्यात बेकरी नको." साडूंनी लिहिलं, स्थानिक खाद्यव्यवसायास संरक्षण मिळावे. मग पलीकडच्या काकी आल्या. "आमच्या जावेला दोन गाळे भेटणार हायेत म्हनं. मला येक तरी द्या, नायतर कुनालाच नको." साडूंनी लिहिलं, गाळ्यांचे एकाच घरात केंद्रीकरण होऊ नये. संकुल हवं म्हणणाऱ्याचा अर्ज त्यांनी ज्या पेनाने लिहिला, त्याच पेनाने नको म्हणणाऱ्याचाही लिहिला. संकुलाबद्दल आळीचं मत काय, असं मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, की शेजाऱ्याला मिळू नये, बाकी काहीही चालेल. माझं मतही तेच होतं.

मी साडूंकडे गेलो नाही. दार लावून स्वतःचा अर्ज स्वतः लिहिला. फाटक अर्जदाराच्या घरासमोर करण्यात यावे, अशी मागणी केली. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण भाषा हाताशी होती. शेजाऱ्यांनी मोजणीवाल्यांना वेळोवेळी चहा व पोहे देऊन फाटक आपल्या बाजूस वळवून घेतल्याचा दाट संशय येतो, असंही एक वाक्य घातलं. ते मला इतकं आवडलं की दोनदा वाचलं. हरकती मतदानासारख्या गुप्त असतात, अशी माझी ठाम समजूत होती.

सुनावणीला अख्खी आळी जमली आणि कारकुनाने एकेक अर्ज मोठ्याने वाचायला सुरुवात केली. माझा अर्ज आला. चहा आणि पोह्यांचं वाक्य त्याने उगाचच सावकाश वाचलं. काकींनी पदर तोंडाला लावला. साडू समोर बघत बसले होते. लगोलग पुढचा अर्ज त्यांचा निघाला. "फाटक माझ्या दारासमोरून काढून शेजारी मास्तरांच्या दारासमोर करावे. म्हणजे इमारत माझ्या बाजूस सरकेल. मास्तरांच्या पत्नीस गुडघ्यांचा त्रास आहे व सकाळी त्या ओट्यावर उन्हात बसतात. ते ऊन जाऊ नये."

सुनावणी घेणारे साहेब म्हणाले, "दोन्ही अर्जांची मागणी एकच आहे." मग माझा कागद उलटसुलट करून म्हणाले, "यावर तारीख नाही. हा धरता येणार नाही." मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात साडू उठले, टेबलावरून कागद घेऊन माझ्यापाशी आले आणि खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. "टाका तारीख, मास्तर. येकाचे दोन अर्ज झाले म्हंजे वजन पडतं."

"भाऊ, ते पोह्यांचं..." मी म्हणालो.

"पोहे दिलेले मी. खरं हाय ते. टाका."

मी तारीख टाकली. अक्षर काही चांगलं आलं नाही.

निकाल अजून आलेला नाही. खाचरांत लोखंडी पत्रे उभे राहिलेत. सकाळी माझी बायको खुर्ची घेऊन ओट्यावर बसते, साडी जराशी वर घेते, गुडघे उन्हात धरते, आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवते. मी शेजारीच वर्तमानपत्र घेऊन बसतो. इतकी वर्षं तिथेच बसतोय. फाटकाचा हेवा केव्हाच संपला. आता एवढ्याचाच वाटतो, की हिचं हे ऊन मला दिसलं नाही, ते पलीकडच्या दारातून त्यांना दिसलं.