रक्तात न दिसलेलं

चूक माझी होती. धाकट्या भावाच्या गोळ्या माझ्यामुळे बंद झाल्या.

मी रोह्याला एका कंपनीत शिफ्टवर. तो पेणला, रामवाडीत आईजवळ राहायचा आणि गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवायचा. एका वर्षी त्याने ब्रश खाली ठेवला. डोळे काढले की मूर्ती माझ्याशी बोलतात, म्हणाला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितला, गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी तो दिवसभर पेंगायचा. मला हे पटेना. आमच्या घरी आजार म्हणजे रक्तात सापडतो तो: कावीळ, साखर, मलेरिया. मी त्याला रोह्याच्या लॅबमध्ये नेऊन होत्या नव्हत्या त्या तपासण्या करून घेतल्या. सगळं नॉर्मल. तो रिपोर्ट मी कारखान्यात सगळ्या कारागिरांसमोर फडकवला.

“बघा, रक्तात काय नाय. नाटकं हायत याची. हंगाम आला की अंग मोडतं.”

कुणीतरी हसलं. तो हसला नाही. “नॉर्मल हाय ना दादा? मग गोळ्या कशाला?”

“तेच सांगतोय.”

गोळ्या सुटल्या. गणपतीच्या आधीच तो घरातून निघून गेला. वडखळच्या पुढे हायवेच्या कडेला सापडला, अनवाणी, कानांत रंगाची फडकी कोंबलेली.

मुंबईच्या इस्पितळात तो सावरला, तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी एका अभ्यासासाठी रक्त मागितलं. शरीरातल्या पेशी आपापल्या नेमाने स्वतःहून मरतात, त्यानेच शरीर नीट राहतं. या आजारात तो नेम कुठे बिघडतो का, त्याच्या खुणा रक्तात उतरतात का, हे त्यांना शोधायचं होतं. भावाने होकार दिला. तुलनेसाठी आजार नसलेल्या नातेवाइकांचंही रक्त हवं होतं, म्हणून मीही बाही वर केली.

शेजारच्या खुर्चीतून तो म्हणाला, “दादा, तुझ्यात सापडलं तर?”

मी बाही आणखी वर सारली.

“घाबरू नको. गोळ्या हायत माझ्याकडं.”

बाहेर येऊन मी बाईंना विचारलं, “रिपोर्ट कधी मिळेल? लोकांना दाखवता येईल असा?”

“तसा रिपोर्ट नसतो. पुष्कळांचं रक्त ताडून पाहिलं तर कदाचित काही कळेल. एकट्याच्या रक्तावरून हा आजार आज ओळखता येत नाही. आम्हाला तो रुग्णाशी बोलूनच कळतो. तुमच्या भावाला जे आवाज ऐकू येतात, ते काय म्हणतात, तुम्ही कधी विचारलंत?”

नव्हतं विचारलं. परतताना एसटीत विचारलं.

“त्यांच्यात एक तुझा असतो,” तो म्हणाला. “नाटकं हायत म्हणतो.”

आता तो गोळ्या घेतो. डोस बदलल्यापासून पेंगही कमी झाली. हात पुन्हा स्थिर झाला, पण कारखान्याचं नाव काढलं की म्हणायचा, “नको. तिथं सगळ्यांनी तू दाखवलेला रिपोर्ट बघितलाय.”

म्हणून सुट्टीच्या दिवशी मीच त्याला घेऊन गेलो. माणसं तीच होती, हात रंगाने माखलेले. तो दारातच थांबला. मी सगळ्यांच्या देखत त्याच्याकडे वळलो.

“रिपोर्ट दाखवून मी इथं जे बोललो, ते खोटं होतं. तू आजारी होतास, नाटकं नव्हती ती. तुला न विचारताच मी बोललो. चुकलो रे. माफ कर मला.”