गणवेशाखालचे बूट

परवा आमच्या सोसायटीत नवा वॉचमन आला. अंगात कडक इस्त्रीचा गणवेश आणि पायात स्पोर्ट्स शूज. मला एकदम करीम आठवला.

नव्वदच्या दशकात आम्ही दोघं अबू धाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत होतो. करीम अल्जीरियाचा. तिकडे तेव्हा लष्कर, बंडखोर आणि गावोगावचे हत्यारबंद गट यांची यादवी चालली होती. एका गुरुवारी दुपारी मी गाडीनं शारजाला घरी निघालो, तोही सोबत आला. वाटेत पोलिसानं थांबवलं, तसा करीम मान खाली घालून बसला. आम्हा गल्फवाल्यांना भीती म्हटली की कागदपत्रंच सुचतात. मी विचारलं, "लेबर कार्ड विसरलास?"

"नाही. त्याचे बूट बघतोय," तो म्हणाला. "आमच्याकडे बंडखोर सैनिकांच्या वेशात बस अडवतात. गणवेश त्यांना मिळतो, लष्करी बूट मिळत नाहीत. माझ्या भावानं नुसता गणवेश बघितला आणि बसमधून उतरला."

पोलिसानं "यल्ला", म्हणजे निघा, म्हणून हात हलवला. मी एसी वाढवला आणि घाईघाईनं शारजाच्या क्रिकेट मॅचचा विषय काढला. पुढे चार तास मीच बोलत होतो, करीम मान डोलवत होता. अल्जीरियात क्रिकेट खेळत नाहीत, हे मला परवा त्या वॉचमनचे पाय बघेपर्यंत सुचलं नव्हतं.