नागण्णा सरांची सरी

कोळशाची खाण चंद्रपूरकडे, आणि तिथलं पावसाचं पाणी कुठून कुठे जावं हे ठरवणारं आमचं ऑफिस बंगळुरूत, जे. पी. नगरमधे तिसऱ्या मजल्यावर. मधे एवढं अंतर असल्यावर किस्से साचणारच. उपसायला कोणी नाही, म्हणून आज मीच बसलोय.

काम सांगायला सोपं. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर रचलेले असतात. पावसात ती माती वाहून नाल्यात जाते. तिला वाटेत अडवायचं, गाळ आमच्या तळ्यात बसवायचा आणि निवळलेलं पाणी पुढे सोडायचं. आमच्या नाल्याच्या टोकाला गावतळं आहे आणि त्यात पार्वताबाईंचे मासे. त्यांचं घर त्यावरच चालतं. मागच्या पावसाळ्यात गाळ गेला आणि सगळे मासे मेले. आमचे साहेब, नागण्णा सर, पाहणीला गेले तेव्हा बाईंनी त्यांना जेवायला वाढलं आणि विचारलं, "यंदा बीज सोडू का नको, तेवढं सांगा जी."

सर म्हणाले, "सोडा."

बाईंनी तळ्यात माशांचं बीज सोडलं आणि सरांची झोप उडाली.

* * *

त्याच पाहणीतली गोष्ट. सरांनी विचारलं, "पाणी किती गढूळ होतं?"

बाई म्हणाल्या, "हात घातला का कोपराच्या खाली काई दिसे नाई."

सरांनी वहीतल्या गढूळपणाच्या तक्त्यात लिहिलं, "कोपर." मी तो तक्ता रिपोर्टमधे जसाच्या तसा टाकला. आठवड्याने खाणवाल्यांचा मेल आला की 'कोपर' हे एकक कोणत्या स्टँडर्डमधलं आहे?

सरांनी उत्तर पाठवलं, "लोकल."

त्यांनी ते मान्य केलं. आमच्याकडे अजून तो तक्ता तसाच आहे.

* * *

खाणवाल्यांचा एक माणूस ऑफिसात आला. सुटाबुटातला, घाईतला. म्हणाला, तळं एवढं मोठं कशाला, निम्मं करा, पाणी काय, आलं आणि गेलं.

सर वाद घालत नाहीत. त्यांनी आमच्या कॉफी करणाऱ्या अक्कांना आत बोलावलं आणि कन्नडमधे काहीतरी सांगितलं. अक्कांनी गरम पाण्यात कॉफीची भुकटी ढवळली आणि तशीच पेल्यात ओतून पाहुण्यापुढे ठेवली. त्याने घोट घेतला. दात काळे झाले.

सर म्हणाले, "स्वल्प थांबला असतात तर खाली बसली असती."

तळं पूर्ण मापाचं मंजूर झालं. अक्का मात्र चार दिवस चिडून होत्या, त्यांच्या कॉफीची बदनामी झाली म्हणून.

* * *

हा माझा स्वतःचा. गेल्या वर्षी एका संध्याकाळी पाऊस कोसळला आणि आमच्या ऑफिसच्या गल्लीत गुडघाभर पाणी. मी कसाबसा रिक्षात चढलो. रिक्षावाले अण्णा गप्पिष्ट. कामाचं विचारलं. मी मोडक्या कन्नडमधे सांगितलं, पावसाचं पाणी सांभाळायचं काम करतो.

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, मग आरशातून माझ्याकडे. "एल्ली?" म्हणजे, कुठे?

मी म्हटलं, चंद्रपूरला.

"अदक्के," ते म्हणाले. म्हणजे, तरीच.

मी पुण्याचा आहे. माझा असा अपमान सहसा पुण्याबाहेर होत नाही.

* * *

आता खरा किस्सा. सरांनी आठ वर्षं खाणींवर काढलीत, त्यामुळे त्यांचं मराठी चालतं. पण घाईत असले की तोंडातून कन्नड येतं.

जून तोंडावर आलेला. आमचं तळं तयार होतं, पण मातीच्या डोंगराच्या उतारावर अंथरायची काथ्याची जाळी आली नव्हती. ती आली नाही तर पहिल्याच पावसात इतकी माती सुटणार होती की तळं भरून वाहिलं असतं. साइटवरच्या सुपरवायझरचा, भाऊरावांचा फोन आला, "साहेब, जाळी तं आली नाई. उतार असाच राहू देऊ का?"

सर मीटिंगमधे होते. अर्धवट ऐकून त्यांना वाटलं जाळी आली. म्हणाले, "सरी, सरी." कन्नडमधे म्हणजे बरं, ठीक आहे. असे फोन मी घ्यायचे असतात. मी तेव्हा खाली इडली खात होतो, हे मी अजून कबूल केलेलं नाही.

भाऊराव मूळचे शेतकरी. दोन दिवसांनी फोटो आला. अख्ख्या डोंगरावर, आडव्या, एकाखाली एक, वांगी लावायची असावीत तशा सऱ्या!

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी भाऊरावांना फोन लावला. "यारु हेळिद्दु?" मग मराठीत, "कोणी सांगितलं?"

"तुमीच तं म्हनले साहेब. दोनदा म्हनले. म्हनून जवळजवळ काढल्या."

खाणवाल्यांचा निरोप आला की ड्रॉइंगमधे सऱ्या नाहीत, ताबडतोब बुजवा. सरांनी भाऊरावांना एकच विचारलं, लेव्हल कशी धरली? ते म्हणाले, नळीत पाणी भरून. म्हणजे प्रत्येक सरी समपातळीत, पाणी त्यात थांबणार आणि माती तिथेच बसणार. सर म्हणाले, "बुजवू नका. माझ्या नावावर."

त्याच रात्री तिकडे धो धो पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी इकडे सरांचा चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा उघडाच पडला होता. मीही इडली खायला खाली उतरलो नव्हतो. बाईंनी शब्दावर बीज सोडलं होतं, आणि शब्द या माणसाने दिला होता.

चार वाजता पार्वताबाईंचा फोन आला. सरांनी स्पीकरवर टाकला.

"साहेब, तुमी असं काऊन केलं जी?"

सरांनी डोळे मिटले. "मासे गेले का बाई?"

"मासोया हायेत. पन पानी इतकं साफ आलं, का बगळ्याईले वरूनच दिसून राह्यल्या. सकाळपासून पन्नास बगळे बसले हायेत. आता त्याईचं काय करता, थे सांगा."