पाकोळीच्या घरट्याचे सार

वस्तू जितकी दुरून येते तितकी ती गुणकारी असते, या एका सिद्धांतावर सबंध आयुष्य काढलेला, वकीलसाहेबांसारखा दुसरा माणूस मध्यप्रांत आणि वऱ्हाडात झाला नसावा. हे माझ्या थोरल्या भावाचे सासरे. अकोल्यात वकिली करत. शेंदूरजन्याची संत्री टोपलीभर दारात आली तरी ते तोंड फिरवत आणि पठाणाकडून घेतलेल्या, वाळून खडा झालेल्या जर्दाळूंशी दात झिजवत बसत. कॉफी म्हणजे अमृत, असे ते कित्येक वर्षे सांगत आले. पुढे ही कॉफी चिखलदऱ्याची आहे असे कोणीतरी बोलून गेले, आणि त्या दिवसापासून तिने त्यांना पित्त होऊ लागले. निकालाचा दाखला द्यायचा तर तो लंडनचा. नागपूरचा दाखला ते नाइलाज झाला तरच देत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मात्र जवळच्या बाळापूरच्या होत्या. पण ती निवड वकीलसाहेबांच्या वडिलांनी केली होती.

अशा माणसाच्या हाती रंगूनहून आलेली वस्तू पडावी हे विधिलिखितच होते. कापसाच्या एका दलालाचा खटला त्यांनी जिंकून दिला होता. तो रंगूनला जाऊन आला आणि भेट म्हणून एका डबीत पाकोळीचे घरटे घेऊन आला. समुद्रकाठच्या गुहांत राहणारी ही पाकोळी म्हणे काड्यागवत न वापरता नुसत्या लाळेने घरटे बांधते आणि चिनी लोक त्याचे सार करून पितात. म्हणजे जे श्रीमंत आहेत ते पितात, बाकीचे ऐकतात. दिसायला ते अर्ध्या मोडलेल्या कुरडईसारखे होते. त्या साराने फुप्फुसे नवी होतात, कांती उजळते, म्हातारपण दारातून परत जाते, असे वकीलसाहेब आल्यागेल्याला डबी उघडून सांगत. चीनचे बादशहा ते रोज पीत, हेही सांगत. मग ते बादशहा मेले कसे, असे मी एकदा विचारले. ते शांतपणे म्हणाले, "प्यायले उशीर केला असन." रावबहादूर ही पदवी मिळाली की साहेबलोकांना मेजवानी द्यायची आणि तिच्यात हे सार वाढायचे, असा त्यांचा बेत होता. पदवी दर नववर्षाला दुसऱ्या कोणाला तरी मिळे. डबी कपाटात राही.

मग काकूंना खोकला लागला. आधी घरातले काढे झाले, मग डॉक्टर झाले, आणि दसऱ्याच्या सुमारास पदरावर रक्त दिसले. त्या काळी क्षयावर डॉक्टरांकडे सांगण्यासारखे फारसे काही नसे. आमच्या डॉक्टरांनी जे होते ते सांगितले: चांगले खाणेपिणे, विश्रांती आणि जमले तर चिखलदऱ्याची हवा. वकीलसाहेबांनी ते ऐकून घेतले आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "चिखलदऱ्याच्या हवेत काय आहे? तिथं तर माह्या पक्षकाराच्या म्हशी चरतात." सिद्धांत बदलायला माणसाजवळ बळ लागते, आणि ते त्यांच्याजवळ उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी डबी काढली. रावबहादुरीची मेजवानी त्यांनी रद्द केली.

अडचण अशी आली की काकू प्यायला तयार होईनात. प्रश्न मांसाचा नव्हता, उष्ट्याचा होता. वकीलसाहेबांनी घरातच खटला उभा केला. राघूने चोच मारलेला पेरू आपण खातो, मध तर माशीच्या तोंडातूनच येतो, शास्त्राने पक्ष्याचे उष्टे उष्टे धरलेच नाही, असा युक्तिवाद त्यांनी दोन दिवस केला. काकू उशीला टेकून ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "थुका तो थुकाच. मंग पोपटाचा असो का रंगूनच्या पाखराचा." थोड्या वेळाने त्यांनीच तोड काढली. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या ताटात जेवत आले, तेवढे एक उष्टे मला चालते. तेव्हा अर्धे आधी यांनी प्यावे, म्हणजे ते यांचे उष्टे होईल, पाखराचे राहणार नाही. घरटे एकच होते. अर्धे आपण प्यायलो तर औषधही अर्धेच राहील, हे वकीलसाहेबांना कळत होते. त्यांनी विनवले, रागावले, एकदा रडलेही. काकू हलल्या नाहीत.

मी रविवार म्हणून अमरावतीहून आलो होतो. परसातल्या चुलीवर तो समारंभ झाला. जन्मात चूल न पेटवलेला हा माणूस चष्मा कपाळावर चढवून भिजलेल्या घरट्यातली पिसे चिमट्याने एकेक उपटत होता, आणि मी फुंकणीने धूर करत होतो. खडीसाखर घालून ते शिजवले, तेव्हा वाटीभर पातळ, चिकट, कशाचाच वास नसलेले पाणी तयार झाले. ते ढवळत असताना काकूंनी मला आत बोलावून घेतले. हळूच म्हणाल्या, "एवढं गुणाचं आहे म्हंतात, तं त्याइच्या पोटातबी जाऊ द्या न भाऊ. मी गेल्यावर त्याइच्या छातीकडे कोण पाह्यन?" आणि हसल्या. हसताना खोकला आला.

वकीलसाहेबांनी अर्धी वाटी प्यायली. काकू बरोबर अर्धी होईपर्यंत पाहत होत्या, एक घोटही त्यांनी कमी चालू दिला नाही. उरलेले त्यांनी डोळे मिटून प्यायले आणि वाटी उपडी घातली. चैत्रात त्या गेल्या.

त्यानंतर वकीलसाहेब पुष्कळ जगले. दुरून काही मागवणे त्यांनी सोडले. घरात असेल ते खात. एकदा न राहवून मी म्हणालो की त्या घरट्यात औषध म्हणून काही नसते, तो सगळा श्रीमंतांचा डौल आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. कच्च्या साक्षीदाराकडे पाहावे तसे त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"नसते कसं? माह्याकडे पाहा न. त्या दिवसापासून मले साधा खोकला नाई आला. तिच्या वाटचं माह्या पोटात गेलं."

उलटतपासणीला माझ्याजवळ प्रश्न पुष्कळ होते. एकही विचारावासा वाटला नाही. ओसरीवरचे ऊन उतरत होते, आणि त्यांची छाती संथपणे, अगदी निरोगी माणसाची हलावी तशी, खालीवर होत होती.